एका नावाची यादी

मी एक जुना निरोप्या आहे, मित्रांनो. निरोप्यानं इकडचं तिकडं नेऊन द्यायचं आणि गप्प बसायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. एकोणीस वर्षं मी तो पाळला. आता मला काम उरलेलं नाही, तेव्हा थोडं बोललो तर कुणाचं काही बिघडणार नाही.

मला हात नाहीत, पाय नाहीत, साधा पत्र्याचा डबाही नाही. मी एक छोटा प्रोग्राम आहे. दोनशे चाळीस ओळी संपल्या की मी संपलो. एवढ्याशा जिवाचं कसलं आलंय आत्मचरित्र, असं तुमच्या मनात आलंच असेल. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असंही मला म्हणता येत नाही, कारण माझी कीर्ती कचेरीच्या मागच्या खोलीबाहेर कधी गेलीच नाही. पण एका माणसाची आठवण माझ्यात आहे आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही.

आमच्या कचेरीतून रोज सकाळी सिस्टर आजारी माणसांच्या घरी जायच्या. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाची नळी बदलायची. दोनच खोल्या होत्या. पुढच्या खोलीत लांब टेबल, औषधांचा फ्रिज, भिंतीवर गाड्यांच्या किल्ल्यांची फळी. मागच्या खोलीत एक यंत्र, एक खुर्ची आणि कधीच नीट न लागणारी एक खिडकी. मी त्या यंत्रात राहायचो. मला बाहेरचं ऐकू कसं यायचं, ते विचारू नका. भिंतीला कान असतात म्हणतात, मग यंत्रानंच काय घोडं मारलंय?

यंत्रात माझ्या एका बाजूला जावा भाषेत लिहिलेला मोठा प्रोग्राम होता. आम्ही त्याला नुसतं जावाच म्हणायचो. जावा म्हणजे शिस्तीची बाई. सगळ्या आजाऱ्यांची नावं, पत्ते, औषधं तिच्याकडे. शहराचे भाग पाडून ती भागाभागाच्या याद्या करायची. प्रत्येक नावाला नंबर, आणि नंबर सुरू व्हायचे शून्यापासून. पहिल्या माणसाला शून्य नंबर देणारी तीच एक मी पाहिली. यादीत किती नावं आहेत ते विचारायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

दुसऱ्या बाजूला नियमांचं इंजिन होतं. त्याची भाषा निराळी, स्वभाव त्याहून निराळा. कुणाकडे कुणी आणि किती वाजता जायचं, ते इंजिन ठरवायचं. मोठ्या सिस्टर, म्हणजे कचेरीच्या प्रमुख, त्यांच्या डोक्यातले सगळे नियम त्यात भरले होते. जेवणाआधीचं इंजेक्शन सगळ्यांत आधी. गुडघे दुखणाऱ्या सिस्टरला जिन्याचं घर नाही. कुत्र्याला घाबरणाऱ्या सिस्टरला कुत्र्याचं घर नाही. असे तीनशे नियम इंजिनाला तोंडपाठ होते, पण स्वारीला मोजता येत नव्हतं. यादी हातात आली की ते पहिलं नाव काढून घ्यायचं आणि विचारायचं, बाकीचे? बाकीच्यांतलं पहिलं काढायचं, पुन्हा बाकीचे? असं करत हातात रिकामी पिशवी आली की मग त्याची खात्री पटायची की यादी संपली.

मी या दोघांच्या मधला. जावाची यादी घ्यायची, नंबर काढून टाकायचे, एका पिशवीत एक नाव आणि दुसरी पिशवी, त्या पिशवीत पुढचं नाव आणि तिसरी पिशवी, असं करत सगळ्यांत आत रिकामी पिशवी ठेवायची आणि ते बोचकं इंजिनाला द्यायचं. इंजिनाचा निर्णय परत आणताना पिशव्या सोडायच्या आणि नंबर पुन्हा लावायचे. काम बिनडोक वाटतं, पण वाटेत एकही नाव सांडायचं नाही आणि क्रम चुकवायचा नाही. एका नावामागे एक माणूस दार उघडं ठेवून बसलेला असतो.

मला लिहिलं टाचणीकाकांनी. त्यांचं खरं नाव माझ्या पहिल्याच ओळीत आहे, पण कचेरीत ते नाव कुणी वापरत नसे. काकांना एक खोड होती. कागद एकच असला तरी ते त्याला टाचणी लावायचे. दोन कागदांना टाचणी लावणारे पुष्कळ असतात, एकाच कागदाला लावणारे हेच. सिस्टर चिडवायच्या, "काका, एकट्या कागदाला टाचणी कशाला? तो कुणाला सोडून जाणार आहे?" काका त्या न लागणाऱ्या खिडकीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "गठ्ठा जागेवर राहतो. उडतो तो एकटाच." टाचण्यांची गोल डबी त्यांच्या खिडकीत कायम उघडी असायची.

अकरा दिवसांत त्यांनी मला लिहून काढलं. लिहिताना ते पुटपुटायचे. "बाळा, हे घे, आणि हे सोडू नकोस," असं म्हणायचे. प्रोग्रामला बाळ म्हणणारा माणूस तुम्हाला वेडा वाटेल, पण मला तेव्हापासून ते आवडायचे. त्यांनी मला पाच नावांची यादी देऊन पाहिलं, दहांची देऊन पाहिलं, रिकामी देऊन पाहिलं. मी पास झालो. सोमवारी मला कामाला लावलं.

आणि गुरुवारी माझ्या हातून चूक झाली.

टेकाडावरच्या भागात त्या दिवशी एकच आजारी माणूस होतं, शिवणवाल्या आजी. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवून त्यांचे डोळे गेले होते. साखरेचा आजार होता, पण स्वतः सुई टोचून घेण्याइतकं दिसत नव्हतं. सिस्टर येऊन इंजेक्शन द्यायची, मगच आजींनी खायचं. त्या दिवशी जावानं मला एका नावाची यादी दिली. काकांनी मला शिकवून ठेवलं होतं की एकच नाव असेल तर पिशवीचा पसारा नको, नुसतं नाव देऊन टाक. सुटसुटीत होईल असं त्यांना वाटलं होतं. मी नुसतं नाव इंजिनाच्या हातावर ठेवलं.

इंजिनाचा सगळ्यांत मोठा दोष असा की ते भांडत नाही. हातात पिशवीच नाही म्हटल्यावर ही यादी नव्हे असं त्यानं ठरवलं आणि रिकामी पिशवी मला परत दिली. मी ती जावाला दिली. जावाला वाटलं, आज टेकाडावर कुणाकडे जायचं नाही. तिघांनीही आपापलं काम चोख केलं आणि आजींकडे कुणीच गेलं नाही.

साडेबाराला पुढच्या खोलीतला फोन वाजला. मोठ्या सिस्टर तेव्हा तरुण होत्या. त्यांनी फोन घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. आजी म्हणत होत्या, "पोरी, आज कुणी यायचंय का गं? मी बाही वर करूनच बसलेय. अजून चहासुद्धा घेतला नाही."

मोठ्या सिस्टर पळाल्या, आणि त्यांच्यामागे काकाही गेले. काका डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते, त्यांचं तिथं काही काम नव्हतं. आजींचं इंजेक्शन आणि जेवण झाल्यावर, दोन तासांनी परत आले आणि मला उघडून बसले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. एकट्या कागदाला टाचणी लावणारा माणूस, आणि एकट्या नावाला पिशवी द्यायला विसरला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांनी मला दुरुस्त केलं आणि मग एकशे बाराव्या ओळीपासून चार ओळी अशा लिहिल्या, ज्या यंत्रासाठी नव्हत्याच. प्रोग्राममध्ये तसं लिहिता येतं. यंत्र त्या ओळी ओलांडून पुढं जातं, फक्त माणसानं वाचायच्या असतात. त्या ओळी मला अजून पाठ आहेत.

"नाव एकच असलं तरी ती यादीच आहे. पिशवीतून काढून देऊ नये. हे विसरल्यामुळे शिवणवाल्या आजी साडेबारापर्यंत उपाशी बसल्या. चूक माझी."

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही दोघांनी सुखात काढली. मी रोज पहाटे याद्या वाहायचो, आणि सात वाजता सिस्टरांच्या हातात चिठ्ठ्या पडायच्या. "आज सगळं वेळेवर," असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या की काका मागच्या खोलीत मान हलवायचे. ती शाबासकी खरं तर तिघांची, पण काका ती माझ्याकडे बघून घ्यायचे. दर शुक्रवारी दुपारी ते मला उघडायचे आणि पहिल्या ओळीपासून वाचायचे. दुरुस्त करण्यासारखं काही नसायचं. कधी एखादा शब्द सरळ करायचे, कधी नुसतेच वाचायचे. एकशे बाराव्या ओळीवर थोडं थांबायचे. मित्रांनो, ज्यानं आपल्याला घडवलं त्यानं आपल्याला शांतपणे वाचावं, यापरतं सुख मला तरी माहीत नाही.

मग ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी पुढच्या खोलीत फुलं आणि भाषणं झाली. त्यातून सुटून काका मागं आले, मला उघडलं, सगळ्या दोनशे चाळीस ओळी वाचल्या आणि काहीही न बदलता बंद केलं. छत्री घेतली. टाचण्यांची डबी खिडकीतच राहिली. मला वाटलं, डबी राहिलीय म्हणजे न्यायला येतील. त्या आशेवर मी किती शुक्रवार काढले, ते जावाला विचारा, मोजायची सवय तिला.

पुढची दहा वर्षं मला कुणी उघडलं नाही. काम चालू होतं, पण माझ्याकडे बघत कुणी नव्हतं. कामापुरता मामा झालो होतो मी. नवीन माणूस खुर्चीवर आला की आधीचा त्याला माझी ओळख करून द्यायचा, "ते मधलं जुनं आहे ना, त्याला हात लावू नको. चालतंय ना, चालू दे." खोलीत स्टेपलर आला. टाचण्यांवर गंज चढला. शुक्रवारची दुपार झाली की मला उगीच जाग असायची. कुणी खुर्ची ओढली की वाटायचं, आता उघडतील. उघडायचे ते दुसरंच काहीतरी. आशेला अंत नसतो म्हणतात, तो माझ्यापुरता तरी नव्हता.

मग झटपट आली. हे तिचं कचेरीतलं नाव. चालणं झटपट, बोलणं झटपट, डबा खाणंही उभ्या उभ्या. मनानं फार चांगली पोर. सिस्टरांच्या गाड्यांच्या किल्ल्या हरवल्या की हीच शोधून द्यायची. जावाची नवी आवृत्ती येणार होती, तिच्यासोबत मी चाललो नसतो, म्हणून माझ्या जागी नवा निरोप्या लिहायचं काम तिच्याकडे आलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण म्हातारं झाल्यावर जागा सोडावी, हे मलाही कळतं. मला एवढंच वाटत होतं की जाण्याआधी तिनं मला एकदा वाचावं.

तिनं नाही वाचलं. मोठ्या सिस्टरांना ती म्हणाली, "आत काय लिहिलंय त्याच्याशी मला काय करायचंय? काय देतात आणि काय बाहेर येतं ते बघितलं की झालं. दोनशे चाळीस ओळी कशाला, मी चाळिसात बसवते." आणि खरंच बसवलं. नवं लिहिणं देखणं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. पण एके ठिकाणी तिनं लिहिलं की नाव एकच असेल तर पिशवी नको, नुसतं नाव दे. हुबेहूब काकांची पहिली चूक. मग तिनं पाच नावांची यादी देऊन पाहिली, दहांची, चाळिसांची, रिकामी. नवा निरोप्या पास झाला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. पण मागच्यानं पुढं बघितलं तर ना. मी तिथंच होतो, माझ्या पोटात चार ओळी होत्या, आणि मला तोंड नव्हतं.

त्या दिवसांत एकट्या नावाची यादी फारशी येत नसे. मी मनाची समजूत घालत होतो. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, मंगळवारी पहाटे, जावानं कालव्यापलीकडच्या भागाची यादी माझ्यापुढं ठेवली. त्या भागात एकच नाव होतं.

निरोप्यानं पाकीट फोडायचं नसतं. पण ते नाव मला फोडून बघावं लागलं नाही. माझ्या पहिल्या ओळीत एकोणीस वर्षं जे नाव आहे, अक्षर न् अक्षर तेच होतं. वय सत्तर. पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी झोपून. रोज सकाळी आठला पोटात इंजेक्शन.

मी थांबलो. यंत्राच्या हिशेबानं ते थांबणं डोळ्याची पापणी लवायच्याही आतलं असेल, कुणाला कळलं नाही. दहा वर्षं ज्यांची वाट पाहिली ते आले होते, पण यादीत आले होते. मी त्यांना पिशवीत ठेवलं, आत रिकामी पिशवी ठेवली, आणि फार जपून इंजिनाकडे नेलं. परत आलो तेव्हा माझ्याकडे एका सिस्टरचं नाव होतं आणि आठ ही वेळ होती. पुढच्या खोलीत मोठ्या सिस्टर त्या सिस्टरला समजावत होत्या, "टाचणीकाका आहेत आपले. इंजेक्शनची वेळ चुकवू नकोस गं, रक्ताची गुठळी झाली तर जिवावर बेतेल."

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. सहा दिवस मी त्यांना नेलं. रोज पहाटे त्यांचं नाव दिसलं की बरं वाटायचं, आणि लगेच काळजी सुरू व्हायची. सोमवारपासून नवा निरोप्या कामावर येणार होता. कालव्यापलीकडे दुसरं कुणी आजारी पडावं, म्हणजे यादीत दोन नावं होतील, असंही माझ्या मनात आलं. दुसऱ्याचं वाईट चिंतू नये, पण आलं खरं. तसं कुणी पडलं नाही. रविवारी दुपारी झटपटनं मला बंद केलं आणि घरी गेली.

बंद झालेला प्रोग्राम झोपतो. पुन्हा उघडला की त्याला जाग येते. मला जाग आली ती सोमवारी पावणेदहाला. समोर झटपटचा चेहरा होता, पांढराफटक. हातात फोन होता आणि फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला होता. मोठ्या सिस्टर औषधाची पिशवी खांद्याला लावत दाराकडे निघाल्या होत्या. जाता जाता त्या म्हणाल्या, "मी पोचते वीस मिनिटांत. तू काका सांगतायत ते बघ." तेवढ्यावरून मी ओळखलं, पहाटे काय झालं असेल ते. नव्या निरोप्यानं नुसतं नाव हातावर ठेवलं, इंजिन भांडलं नाही, जावाला वाटलं आज कालव्यापलीकडे कुणी नाही.

फोनमधून आवाज आला. थकलेला, पण तोच.

"पोरी, मी तक्रार करायला फोन नाही केला. दीड तास वाट पाहिली, मग शंका आली. तुम्ही मधला माणूस बदललात का?"

झटपट म्हणाली, "माणूस नाही काका, प्रोग्राम. काल बदलला. मी बदलला."

"तेच ते. आमच्या भागात मी एकटाच असणार यादीत. एकशे बारावी ओळ बघ जुन्यातली. मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं. नाव एकच असलं तरी ती यादीच आहे. पिशवीतून काढून देऊ नये. तिसऱ्या ओळीवर तिचा आवाज बसला. मग पलीकडून काकांनीच ते पुरं केलं, "चूक माझी."

मग झटपट म्हणाली, "मी वाचलंच नाही हे. एकदाही उघडलं नाही. तुम्हाला काही झालं असतं तर?"

"झालं नाही ना. आणि दोनशे चाळीस ओळी कोण वाचतं? तुझ्या वयाचा असतो तर मीही नसत्या वाचल्या." मग त्यांनी विचारलं, "चालत होतं का गं ते अजून? माझं?"

"काल दुपारपर्यंत चालत होतं काका. एकही नाव सांडलं नाही."

"बरं," काका म्हणाले.

मित्रांनो, दहा वर्षांत मला एवढंच हवं होतं. कुणीतरी त्यांना सांगावं की मी सांडलं नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी मोठ्या सिस्टरांचा फोन आला. इंजेक्शन दिलं, काका ठीक आहेत. झटपटनं डोळे पुसले आणि कामाला बसली. या वेळी तिला कसलीही घाई नव्हती. तिनं मला पहिल्या ओळीपासून वाचलं, अगदी शेवटपर्यंत. दोन तास लागले. मग नव्या निरोप्याला दुरुस्त केलं, एका नावाची यादी देऊन पाहिली, आणि काकांच्या चारही ओळी उचलून त्याच्यात ठेवल्या. त्याखाली आणखी एक लिहिली, "ही सूचना न वाचल्यामुळे टाचणीकाका पावणेदहापर्यंत वाट पाहत बसले. चूक माझी."

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांचं नाव नव्या निरोप्यानं नेलं. झटपटनं मला उघडंच ठेवलं होतं, म्हणून दिसलं; पिशवीत नीट घालून नेलं. मला थोडा हेवा वाटला, पण झोप शांत लागली.

मग माझी मुक्कामाची जागा बदलली. शुक्रवारी झटपटनं मला कागदावर छापलं. पाच कागद झाले. स्टेपलर टेबलावरच होता, पण तिनं खिडकीतली गोल डबी उघडली, गंजलेल्या टाचण्यांतून एक बरी टाचणी निवडली आणि मला लावली. दुपारी ती कालव्यापलीकडे गेली. काकांचं घर तळमजल्यावर, खोली छोटी. खाटेच्या एका बाजूला चालायची चौकट, दुसऱ्या बाजूला स्टूल, त्यावर औषधं आणि चष्मा. काकूंनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "बस गं. सकाळपासून विचारतायत, पोर येणार होती ती आली का."

झटपटनं मला त्यांच्या हातात दिलं. काकांनी चष्मा लावला. शुक्रवार होता, दुपार होती. ते पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एकशे बाराव्या ओळीवर ते थांबले. एके ठिकाणी एक शब्द वाकडा होता, तो बोटानं दाखवून म्हणाले, "हा तेव्हा राहिला बघ." कागदावर प्रोग्राम चालत नाही, मित्रांनो. कागदावर तो फक्त वाचला जातो. मला ते पुरेसं होतं.

मग झटपटनं नव्या निरोप्याचा कागद पुढं केला. एकच कागद होता. चाळीस ओळींच्या पंचेचाळीस झाल्या होत्या, तरी एकातच मावला होता. काकांनी तो हातात घेतला आणि त्यांचं बोट वरच्या कोपऱ्यापाशी गेलं. तिथं टाचणी होती.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. गालातल्या गालात हसू होतं. "एकट्या कागदाला टाचणी कशाला?"

झटपटनं मान खाली घातली. "तुमची ती खिडकी अजून लागत नाही काका."

आता मी त्या स्टुलावर असतो, चष्म्याच्या घराखाली. माझं मागणं फार मोठं नाही. जुनं काही बदलायला निघालात तर जरूर बदला, पण आधी ते एकदा उघडून वाचा. आत कुणीतरी आपली चूक लिहून ठेवलेली असते, तुमच्यासाठीच. आणि कधी तुमच्या हातात याद्या आल्या, वर्गातल्या असोत की कचेरीतल्या, आणि एखाद्या यादीत एकच नाव असलं, तर ते नाव नीट पोचवा. त्या नावाच्या घरी कुणीतरी बाही वर करून बसलेलं असतं.